छपरावरचे शेवाळ : घराचे नुकसान, कारागिराचे काम

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरच्या डोंगररांगेत पाऊस धो-धो कोसळतो. पूर्वेला नारायणगाव, मंचरकडे तो बराच कमी होतो. त्यामुळे छपरावरील शेवाळाचा त्रास पश्चिमेला अधिक. परंतु झाडाच्या सावलीतली किंवा उत्तरेकडे उतरणारी छपरे कोठेही हिरवी होतात. दुकान, वखार वा कारखाना कौलारू असणाऱ्या बंधूंनी याकडे दुर्लक्ष करू नये.

शेवाळाला खरी मुळे नसतात. ते कौल फोडत नाही, पण स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. दोन कौलांच्या जोडात ते वाढले की पाणी खाली न वाहता उलटे आत शिरते. आधी रिपा कुजतात, मग वासे. खाली कापडाचे गठ्ठे, धान्य किंवा हिरड्याची पोती असतील तर छपराच्या दुरुस्तीपेक्षा मालाचे नुकसान मोठे होते.

काम मे महिन्यात करावे. तेव्हा शेवाळ वाळून सैल झालेले असते. प्रथम छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. नंतर बांबूच्या पट्टीने व ताठ झाडूने आढ्याकडून खाली, पाणी वाहते त्याच दिशेने खरवडावे. खालून वर घासल्यास कौल उचकटते. जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये, ते जोडातून आत जाते. शेवटी पन्हळी साफ कराव्यात.

पुन्हा उगवू नये म्हणून आपल्या द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. त्यातील तांबे शेवाळास मारक आहे. 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात व 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. भांडी प्लॅस्टिकची घ्यावीत, लोखंडाची नकोत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे. लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालावा. कोरडे दिवस पाहून फवारावे. कौलावर निळसर डाग राहतात, हे मालकास आधीच सांगावे. हे पाणी विहिरीत, टाकीत किंवा मासे असलेल्या तळ्यात जाऊ देऊ नये.

लोखंडी पत्र्यावर मोरचूद चालत नाही, त्याने जस्ताचा मुलामा जातो. तेथे साबणाचे पाणी व मऊ ब्रश पुरे. गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड लावावे. स्लॅबवर शेवाळ म्हणजे पाणी साचत असल्याची खूण. उतार सुधारल्याशिवाय व शेवाळ काढल्याशिवाय वर रंग किंवा वॉटरप्रूफिंग लावले तर ते थोड्याच दिवसांत पापुद्र्यासारखे सुटते. ब्लीचिंग पावडर वापरल्यास भरपूर पाण्याने धुवावे. तिच्यात ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

सिमेंटच्या पत्र्यांबाबत विशेष इशारा. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे घासल्यास त्याची धूळ फुप्फुसात जाते. शिवाय असा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. त्यावर पाय ठेवू नये. आधाराची फळी, कमरेला दोर आणि खाली दुसरा माणूस असल्याशिवाय कारागिराने वर चढू नये. ओले शेवाळ तर साबणासारखे निसरडे असते. एका दिवसाची मजुरी गेली तर परत मिळते, गेलेला माणूस परत येत नाही.

आता धंद्याची बाजू. पावसाळा तोंडावर आला की शाकारणीवाल्यांना क्षणाची उसंत नसते. म्हणून मार्च-एप्रिलमध्येच घरे पाहून ठेवावीत. दर चौरस फुटावर ठरवावा. किती कौले बदलावी लागतील, फुटलेल्या कौलांचा खर्च कोणाचा आणि लाकूड कुजलेले निघाल्यास काय, हे कागदावर लिहून घ्यावे. बहुतेक भांडणे याच तीन गोष्टींवरून होतात. ज्या छपरावर नुसते डाग आहेत आणि गळती नाही, तेथे "यंदा खर्च करू नका" असे सांगण्यास कचरू नये. आमच्या मते त्या एका वाक्याने तुटणाऱ्या मजुरीपेक्षा पुढील वर्षी येणारी गिऱ्हाइके जास्त असतात.