बेल वाजली की उड्या

प्रश्न : डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटमधली आठ महिन्यांची देशी कुत्री पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते. ओरडूनही ऐकत नाही.

उत्तर : तुमचं ओरडणंही तिला खेळच वाटतं. तिनं उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकताच, त्याच क्षणी खाऊ द्या. थोड्या वेळानं दिलात तर तो कशासाठी मिळाला हे तिला कळत नाही. बाबा ‘खाली’ म्हणणार, ताई ‘नको’, आणि आजी लाडानं बिस्कीट देणार, असं नको. एकच शब्द ठरवा. घरच्याच कुणाला बेल वाजवायला लावून रोज पाच-पाच मिनिटांचा सराव घ्या. सुरुवातीला उड्या वाढतील, तेव्हा माघार घेऊ नका. आणि तिला मारू तर कधीच नका.