संगीत खोलीतला संगणक : चावी कोणाच्या हाती?



या अंकातला पाठ संगीताचा आहे आणि संगणकाचाही. आपल्या शाळेच्या संगीत खोलीत एक संगणक आहे. त्यावर मुलांची समूहगीते, तबल्याचे ठेके आणि गावातल्या आजींच्या ओव्या आपण ध्वनिमुद्रित करतो. हा संगणक इंटरनेटला जोडावा की तोडावा, असा प्रश्न शाळेपुढे आला आहे. प्रश्न छोटा वाटतो, पण त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. म्हणून घडलेली हकीकत आधी सांगतो.

काय घडले?

मागील वर्षी आठवी-नववीच्या मुलांनी गावातल्या अकरा आजींना शाळेत आणले. जात्यावरच्या, पाळण्याच्या, पंढरीच्या ओव्या त्यांनी गायल्या. सुमारे चार तासांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या वेळच्या संगीत शिक्षकांनी रात्री बसून त्याची काटछाट केली, प्रत्येक ओवीला आजीचे नाव दिले आणि सर्व काम एका चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये नीट लावून ठेवले. हे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर घेतलेले होते.

पुढे त्या शिक्षकांची बदली झाली. यंदा स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी आम्ही संगणक सुरू केला. गावात नेट नव्हते. पडद्यावर एक चौकट आली : इंटरनेटला जोडा व खात्यात प्रवेश करा. दोन दिवसांनी नेट आले, तेव्हा दुसरी चौकट आली : वर्गणीची मुदत संपली आहे. पैसे भरायला गेलो तर ओटीपी त्या शिक्षकांच्या जुन्या मोबाईल क्रमांकावर जाऊ लागला आणि तो क्रमांक तर बंद झालेला.

कार्यक्रमाला आलेल्या एका आजींनी मला विचारले, "गुरुजी, आमचं गाणं हाय न्हवं त्यात?" मी म्हणालो, "आहे, पण उघडत नाही." त्या म्हणाल्या, "कुलूप कुणी लावलं?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

नंतर शोध घेतला तेव्हा हार्डडिस्कवर कच्च्या आवाजाच्या दोनशेहून अधिक फाईली सापडल्या. म्हणजे आवाज गेला नव्हता. गेली होती ती मांडणी. कोणता तुकडा कोणाचा, कोणत्या ओवीनंतर कोणती, हे सारे त्या बंद सॉफ्टवेअरच्या पोटात होते. फाईलींना फक्त क्रमांक होते. अकरा आजींपैकी एक आजी या काळात देवाघरी गेल्या होत्या. त्यांचा आवाज कोणता, हे आम्हांला ओळखता येईना. शेवटी त्यांची नात, आठवीतली मुलगी, दोन दिवस मधल्या सुट्टीत हेडफोन लावून बसली. तिने सोळा तुकडे वेगळे काढले. "सर, खोकून पुन्हा सुरू करते ती आमची आजी," असे ती म्हणाली.

या प्रकरणात चूक आमचीही आहे, हे प्राचार्य या नात्याने मी मान्य करतो. खाते शाळेच्या नावाने नव्हते. तयार ओव्या साध्या स्वरूपात बाहेर काढून ठेवल्या नव्हत्या. नोंदवहीत एक ओळही नव्हती.

वर्गणी आणि मालकी

माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत सबस्क्रिप्शनला 'सदस्यता' म्हणतात. सदस्य म्हटला की त्याला काही हक्क असतो, असे वाटते. मराठीतला 'वर्गणी' हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण वर्गणी-वर्गणीतही फरक आहे. मासिकाची वर्गणी आपण थांबवली, तर नवा अंक येत नाही, पण कपाटातले जुने अंक तसेच राहतात. सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली की नवे तर येत नाहीच, शिवाय कालपर्यंत आपण केलेले काम ज्यात उघडते ते साधनही मिटते.

नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपली पेटी पण असं विचारते का?" मुलाने नेमके बोट ठेवले. पेटी एकदा घेतली की ती आपली. भाता फाटला, सूर उतरला तर कारागीर दुरुस्त करतो. वाजवण्यापूर्वी ती कोणाला विचारत नाही.

जगात काय चालले आहे?

छापखान्यात काम केलेल्या पालकांना 'श्रीलिपी'चा लॉक आठवत असेल. संगणकाला जोडलेली ती लहानशी वस्तू असली तरच मराठी टाईप होई. म्हणजे कुलूप तेव्हाही होते, पण चावी आपल्या टेबलावर होती. आता बहुतेक चाव्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर गेल्या आहेत. तीन उदाहरणे पाहू.

पहिले. अॅडोबी कंपनीने २०१३ साली आपली मुख्य सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत फक्त वर्गणीवर देण्याचे ठरवले. आवाजाच्या कामाचे 'ऑडिशन' त्यातच आले. त्याच सुमारास २००५ च्या जुन्या 'सीएस २' संचाला मान्यता देणारे सर्व्हरही कंपनीने बंद केले. ज्यांनी तो संच पैसे देऊन विकत घेतला होता, त्यांच्यासाठी कंपनीला मान्यता न मागणारी वेगळी प्रत द्यावी लागली.

दुसरे. क्युबेस हे संगीताचे नामांकित सॉफ्टवेअर पूर्वी 'ई-लायसेन्सर' नावाच्या यूएसबी चावीवर चाले. २०२२ साली आलेल्या क्युबेस १२ पासून ती चावी लागेनाशी झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात ई-लायसेन्सरची सेवाच बंद करण्यात आली. म्हणजे टेबलावरची चावीसुद्धा मागे कंपनीची सेवा असेपर्यंतच पूर्ण उपयोगाची.

तिसरे. ध्वनिमिश्रणाची साधने विकणाऱ्या वेव्हज कंपनीने मार्च २०२३ मध्ये यापुढे केवळ वर्गणी, असे जाहीर केले. जगभरच्या संगीतकारांनी इतका विरोध केला की काही दिवसांतच कंपनीने कायमच्या खरेदीची सोय पुन्हा सुरू केली. ग्राहक एकत्र बोलले तर ऐकले जाते, हेही यातून शिकावे.

वर्गणी वाईटच, असे माझे म्हणणे नाही. ज्याचा रोजचा धंदा स्टुडिओचा आहे, त्याला थोड्या पैशांत नवीन साधने मिळतात, दूरच्या कलाकाराबरोबर काम करता येते. पण आपली शाळा वर्षातून चार-सहा वेळा ध्वनिमुद्रण करते आणि ते पुढच्या पिढीसाठी जपायचे असते. आपली गरज वेगळी आहे.

ऑफलाइन म्हणजे काय आणि काय नव्हे?

संगणक ऑफलाइन ठेवणे म्हणजे त्याला इंटरनेटपासून मुद्दाम दूर ठेवणे. याचे तीन फायदे आहेत. ऐन मुद्रणाच्या वेळी अपडेट सुरू होत नाही. काल चालणारा माईकचा ड्रायव्हर आज अपडेटने बिघडत नाही. आणि नेटवरून पसरणारे हल्ले त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या लाखो संगणकांवरील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती, ती नेटवर्कवरूनच पसरली. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तसा जुना संगणक नेटवर वापरणे धोक्याचे, पण नेटपासून तोडून ध्वनिमुद्रणाला तो अजून काही वर्षे चालू शकतो.

मात्र ऑफलाइन म्हणजे सोवळ्यात असे समजू नये. २०१० साली उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा विषाणू नेटला न जोडलेल्या संगणकांतही शिरला, तो पेनड्राईव्हमधून. म्हणून पेनड्राईव्हची शिस्त हवीच.

आणखी एक स्पष्ट सांगतो. ऑफलाइन म्हणजे चोरीचे 'क्रॅक' सॉफ्टवेअर लपवण्याची जागा नव्हे. एक तर त्यात विषाणू असतात आणि दुसरे म्हणजे ती चोरी आहे. शाळेत चालणार नाही.

आपण काय करायचे?

विश्वस्त मंडळापुढे मी पुढील व्यवस्था ठेवत आहे.

१) सॉफ्टवेअर असे निवडावे की ज्याला चालण्यासाठी नेट लागत नाही. 'ऑडॅसिटी' हे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे. त्यात मुद्रण व काटछाट खाते न उघडता होते. अनेक ट्रॅकचे मोठे काम असेल तर 'रीपर' आहे. शैक्षणिक संस्थांसाठी त्याच्या सवलतीच्या परवान्याची किंमत ६० डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडी वर. पैसे एकदाच द्यायचे. परवाना एका फाईलीच्या रूपात मिळतो आणि ती ऑफलाइन संगणकावर चालते.

२) सॉफ्टवेअरची मूळ इन्स्टॉल फाईल आणि परवाना दोन ठिकाणी जपावा. नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करावी, जशी बाक आणि घंटेची करतो. खाते शाळेच्या ईमेलवर असावे, कोणाच्या खाजगी मोबाईलवर नव्हे.

३) मुद्रण झाल्यावर त्याच आठवड्यात प्रत्येक गाणे 'वेव्ह' फाईल म्हणून बाहेर काढावे. वेव्ह हा १९९१ पासूनचा प्रकार आहे आणि जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर तो वाचते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरचीही स्वतःची प्रकल्प-फाईल असते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. फाईलच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख असावी.

४) तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक शाळेबाहेर, संस्थेच्या कार्यालयात.

५) संगीत खोलीसाठी एकच पेनड्राईव्ह ठेवावा. तो आधी ऑफिसच्या संगणकावर तपासावा, मगच लावावा.

६) संगणकाच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख चुकते. नेट नसल्यामुळे ती आपोआप दुरुस्त होत नाही. काही परवाने तारीख पाहतात आणि मुद्रणाच्या नोंदीही चुकतात. म्हणून जून व डिसेंबरमध्ये तारीख तपासावी आणि त्याच वेळी एक जुनी फाईल उघडून ऐकावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

ऑफिसचा संगणक नेटवरच राहील. शासनाची कामे त्याशिवाय होत नाहीत.

हे आपल्याच मातीतले काम

आपल्या तालुक्याचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तेथे बाराव्या शतकात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची ही नोंद आपल्यापर्यंत पोहोचली, कारण ग्रंथाच्या प्रती अनेकांनी हाताने उतरवल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी जपल्या. १९२५ पासून बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो छापला गेला. पोथी उघडायला लिपी जाणणारा माणूस पुरेसा होता.

आपल्या काळात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतील काही हजार ओव्या गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात मुद्रित आहेत. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या लोकांपुढे मांडत आहे. येथे इंटरनेटचा खरा उपयोग दिसतो. तयार झालेले गाणे जगाला ऐकवायला नेट उत्तम आहे. पण मूळ प्रत आपल्या घरी, आपल्या किल्लीत असावी.

त्या आजींचे सोळा तुकडे आता वेव्ह स्वरूपात, नावानिशी, तीन ठिकाणी ठेवले आहेत. बाकीचे तुकडे ओळखायचे काम चालू आहे. ज्या पालकांच्या घरच्या आजींनी ओव्या गायल्या, त्यांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास यावे आणि आवाज ओळखून द्यावा, ही विनंती. हे काम लवकर करायला हवे, कारण ओळखणारी माणसेही वयाने थकत आहेत.

स्वाध्याय

१) सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना २ बाईट आणि दोन चॅनेल. तर एका मिनिटाच्या वेव्ह फाईलला किती बाईट लागतील? (उत्तर : १,०५,८४,०००) आता चार तासांच्या मुद्रणाला सुमारे किती जीबी लागतील ते काढा.

२) तुमच्या घरी वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्या गोष्टी आहेत? वर्गणी थांबवली तर कोणती गोष्ट घरात राहील आणि कोणती जाईल, असे दोन रकाने करा.

३) घरातल्या मोबाईलमधील आजी-आजोबांच्या आवाजाची एक फाईल शोधा. तिला नाव व तारीख द्या आणि दुसऱ्या एका ठिकाणी तिची प्रत ठेवा. केल्यावर वर्गशिक्षकांना सांगा.