मुडदूस, पोळी आणि फायटेज

मंडळी, मी डॉक्टर नाही, संगणकाचा इंजिनिअर. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीचे पाय दुखू लागले आणि रक्त तपासले तर ड जीवनसत्त्व फार कमी निघाले. "दूध, पोळी, वरण सगळं खाते, मग कमी कसं?" हा सौ.चा प्रश्न. उत्तर शोधताना आपल्या ओंगारजवळच्या डब्लिन शहराचीच एक जुनी हकिगत सापडली.

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडमध्ये गहू कमी पडला. सरकारने कोंड्यासकट सगळा गहू दळायला लावला. 1942 पर्यंत पाव पूर्ण कोंड्याचा झाला आणि डब्लिनच्या लहान मुलांत मुडदूस वाढला. पुढे कोंड्याचे प्रमाण घटवल्यावर तो कमी झाला.

असे का व्हावे? कोंड्यात फायटिक आम्ल असते. त्याच्या प्रत्येक रेणूवर फॉस्फेटचे सहा गट असतात. ते कॅल्शियम, लोह आणि जस्त धरून ठेवतात, त्यामुळे ही द्रव्ये अंगी लागत नाहीत. हे आम्ल फोडणारे विकर (एन्झाइम) म्हणजे फायटेज. आपल्या आतड्यात ते नाममात्रच असते. बुरशी, जीवाणू आणि गहू यांच्यातली काही फायटेज विकरे 'हिस्टिडिन फॉस्फेटेज' कुळातली आहेत. विकरातले हिस्टिडिन हमालासारखे फॉस्फेटचा गट स्वतःवर घेते, पाण्याच्या हवाली करते आणि पुढच्या खेपेला मोकळे होते. साखरेपासून ऊर्जा मिळवताना आपल्या पेशीही याच कुळातले एक विकर वापरतात.

गव्हातल्या फायटेजला ओलावा, थोडा आंबटपणा आणि वेळ लागतो. अर्ध्या तासात कणीक मळून पोळी तव्यावर टाकली, की त्याचे काम अर्धवट राहते. इथला सोडा ब्रेडही न आंबवताच फुगतो. आपल्या आज्या मात्र कडधान्याला मोड आणत, डोशाचे पीठ रात्रभर ठेवत, नाचणीची आंबील करत. त्यांनी फायटेजला वेळ दिला होता!

आता सौ.च्या प्रश्नाचे उत्तर. पोटात कॅल्शियम कमी शोषले गेले, की शरीरातले ड जीवनसत्त्व लवकर खर्च होते. त्यात इथे साधारण ऑक्टोबर ते मार्च उन्हात ते त्वचेत तयारच होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ ऊन लागते. म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त!

म्हणून पोळी सोडू नका, मुख्य उणीव ड जीवनसत्त्वाची आहे. मुलांचे पाय दुखत असतील, चालणे उशिरा सुरू झाले असेल, पाय वाकलेले वाटत असतील, तर "वाढीचे दुखणे" म्हणून थांबू नका, जीपींना दाखवा. बाळांना ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याचा सल्ला इथले आरोग्य खाते देतेच. मात्र मोठे डोस मनाने देऊ नका, अतिरेकही घातक असतो. घरात मोड, आंबवणे आणि दूध-दही चालू ठेवा.

आमच्या मुलीला डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध दिले. आता ती जिन्यावरून धावत उतरते, आणि आम्हीच "हळू गं!" म्हणून ओरडतो.