दाताची नवी टोपी : सवय कशाची करावी, कशाची करू नये

किडलेली दाढ उपटून टाकणे हाच एकेकाळी सरसकट उपाय मानला जाई. आज 'रूट कॅनाल' उपचाराने अशी दाढ पुष्कळदा वाचविता येते व तिच्यावर धातूची, पोर्सेलिनची अथवा झिर्कोनियाची टोपी बसविली जाते. व्यवहारात हिलाच 'कॅप' म्हणतात. टोपी बसली म्हणजे उपचार संपला, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्यापुढील काही दिवसही तितकेच महत्त्वाचे असतात.

नवी टोपी प्रारंभी परकी वाटणे स्वाभाविक आहे. जीभ वारंवार तिकडे वळते, हिरडी हुळहुळते. दाढेतील नस जिवंत असल्यास गार पाणी वा गरम चहा झोंबतो. या तक्रारी बहुधा आपोआप ओसरतात. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्यास हिरडीस आराम पडतो. पहिल्या दिवशी चिक्कीसारखे चिकट व कडक पदार्थ टाळावेत.

एक तक्रार मात्र सवयीवर सोपविता कामा नये. तोंड मिटताना नवी दाढ इतर दातांआधी टेकत असेल, तर टोपी उंच राहिली आहे असे समजावे. बधिरतेचा अंमल असताना रुग्णास चावा नीट सांगता येत नाही. त्यामुळे हा दोष पुष्कळदा घरी, पहिल्या घासालाच उमगतो. नस काढलेली दाढ दुखते कशी, असा प्रश्न पडतो. दाढ जबड्याच्या हाडात सूक्ष्म तंतूंनी धरलेली असते. जादा भार पडला की हे तंतू दुखावतात.

दंतवैद्य रंगीत कागद चावावयास देतो व ठसा उमटलेला भाग किंचित घासतो. काम काही मिनिटांचे असते. परंतु तालुक्याच्या गावी पुन्हा जावयाचे तर दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून खेड्यातील रुग्ण 'होईल सवय' म्हणत दुसऱ्या बाजूने चावत राहतो. अशाने टोपी फुटू शकते, प्रसंगी कष्टाने वाचविलेली दाढही गमवावी लागते.

टोपीला कीड लागत नाही. तिच्या कडेखालील मूळ दाताला मात्र लागते. म्हणून ती कड दोन वेळा ब्रशने स्वच्छ करावी. मिश्री व तंबाखू वर्ज्य करावी. टोपी निघालीच, तर ती जपून दंतवैद्याकडे न्यावी, घरातील गोंदाने चिकटवू नये.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे जरी गावात सांगितले, तरी अनेकांच्या दाढा वाचतील. झोंबणे काही दिवस सोसावे. उंच टोपी एक दिवसही सोसू नये.