वाटणीत कोण सुटले?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७; लेवीय १९:९-१०; २ करिंथ ८:१-१५.
पाठाचा हेतू : मंडळीतील औदार्य थैलीत किती पडले यावरून नव्हे, तर वाटणीत कोणी सुटले नाही ना, यावरून ओळखावे.



पांढुर्णा व सौंसर भागातील आपल्या मराठी घरांना दोन भाषांत जगण्याची सवय आहे. घरात व प्रार्थनेत मराठी, तर तहसीलीत हिंदी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले व हा भाग मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली हे दोन्ही भाग छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कागदाची भाषा हिंदीच राहिली. आजचा पाठ अशाच दोन भाषांच्या मंडळीचा आहे.

१. पहिली कुरकुर

यरुशलेमेतील मंडळी वाढत होती. लोक आपली मालमत्ता विकून प्रेषितांच्या चरणी ठेवीत होते. दानाची उणीव नव्हती. तरीही रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटू लागल्या. कोणी मुद्दाम त्यांना उपाशी ठेवले, असे शास्त्र म्हणत नाही. मात्र वाटणारे बहुधा इब्री होते व आपल्या ओळखीची घरे त्यांना आधी आठवत असावीत. दुर्लक्ष बहुतेक वेळा असेच होते. त्याला दुष्टपणा लागत नाही. ओळख नसली की पुरे.

प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसविले नाही. आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडण्यास त्यांनी मंडळीला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा सुटल्या होत्या, बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती वाटणी सोपविली गेली. आणि सातव्या वचनात काय आहे ते पाहा : देवाचे वचन पसरत गेले. जेवणाची पंगत नीट लागली, तेव्हा सुवार्तेची वाटही मोकळी झाली.

२. आपल्यातील विधवा

आता आपल्याकडे पाहू. समजा, मंडळीत एक वृद्ध विधवा बहीण आहे. तिला विधवा पेन्शन मिळू शकते; पण आधार कार्डावर नाव एक, समग्र आयडीत दुसरे व बँकेच्या पासबुकात तिसरेच. फॉर्म हिंदीत आहे. ती दोनदा जाऊन परत आली व तिसऱ्यांदा गेलीच नाही. नाताळात आपण तिला लुगडे देतो व आपले कर्तव्य झाले असे मानतो. लुगडे चांगलेच आहे. परंतु तिला त्याहून अधिक गरज होती ती हिंदी वाचणाऱ्या तरुणाची, जो एक दिवस कामाचा खाडा करून तिच्याबरोबर रांगेत उभा राहील.

दुसरे उदाहरण दवाखान्याचे. आपल्याकडचा रोगी पुष्कळदा नागपूरला न्यावा लागतो. उपासनेत आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. पण रात्री खाटेजवळ कोण बसेल, घरी राहिलेल्या मुलांना भाकर कोण देईल, हे आमेन म्हणण्याआधी ठरले तर त्या प्रार्थनेला हातपाय फुटतील.

३. शेताचा कोपरा

लेवीय १९ मध्ये देवाने शेतकऱ्याला सांगितले की, शेताच्या कडेपर्यंत कापू नको, सरवा वेचू नको. तो गरीब व परदेशी यांच्यासाठी राहू दे. हे संत्र्याच्या व कापसाच्या मुलखातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बागेतला माल उतरला की आपण शेवटचे फळ शोधतो, कापसाचे शेवटचे बोंडही सोडीत नाही. देव म्हणतो, थोडे सोड. हे सोडणे हंगामाच्या आधी ठरवायचे असते. हिशेब झाल्यावर उरेल ते द्यायचे, असे नव्हे. शिवाय सरवा वेचणारी रूथ मवाबी होती. म्हणून आपला कोपरा आपल्याच मंडळीपुरता नाही. आपल्या बागेत तोडणीला येणारा परका मजूरही त्यात आला.

आम्ही गरीब, आम्ही काय देणार, असे कोणी म्हणेल. मासेदोनियाच्या मंडळ्या दारिद्र्यात असून देण्याची संधी मागत होत्या, असे पौल सांगतो. मिझोरामातील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीच्या कार्यासाठी बाजूला काढण्याचा क्रम सुरू केला. चूल पेटण्यापूर्वीच ती मूठ निघते.

४. शोधत जाणारी प्रीती

१८९६-९७ च्या दुष्काळात आपला मध्यप्रांत होरपळला, तेव्हा पंडिता रमाबाई मदत मागायला कोणी येईल म्हणून पुण्यात बसून राहिल्या नाहीत. त्या स्वतः मध्यप्रांतात आल्या व निराधार मुली व विधवा यांना शोधून घेऊन गेल्या. दुष्काळाने त्यांचे स्वतःचे आईवडील व बहीण नेली होती. ते दुःख त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात अन्नाबरोबर शिक्षण मिळाले, विणकाम, शेती, छपाई असे कामही हाती आले. पोट भरणे ही सुरुवात होती. माणूस पुन्हा ताठ उभा राहावा, हा हेतू होता.

तेव्हा या महिन्यात एक लहानसे काम करू. मंडळीची नामावली उघडून प्रत्येक नावापुढे लिहू : या घरी शेवटचे कोण गेले होते, व केव्हा? ज्या नावापुढे काहीच लिहिता येणार नाही, तेथून आरंभ करू.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न :
१. सात जणांची निवड करताना प्रेषितांनी कोणते गुण पाहण्यास सांगितले? वाटणीच्या कामाला ते का लागतात?
२. आपल्या मंडळीत भाषा, अंतर, आजार वा संकोच यांमुळे कोण सुटते?
३. पैशाशिवाय आपण कोणता 'कोपरा' सोडू शकतो?
४. मुलांसाठी : या आठवड्यात आपल्या वर्गात न आलेल्या एका मित्राच्या घरी जाऊन या व पुढील रविवारी सांगा.