संकेतस्थळासाठी जागा घेताना

गावोगावची ग्रंथालये, नाट्यमंडळे व सहकारी संस्था आता स्वतःची संकेतस्थळे उभारू लागल्या आहेत, ही समाधानाची बाब होय. तथापि मुखपृष्ठावर कोणते छायाचित्र असावे यावर कार्यकारिणीच्या तीन-तीन बैठका होतात आणि संकेतस्थळ ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र चहापानाच्या वेळी निकालात निघतो. संकेतस्थळ म्हणजे अखेर काही फायलीच. त्या अहोरात्र चालणाऱ्या एखाद्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवाव्या लागतात व त्या जागेचे भाडे द्यावे लागते. या व्यवस्थेस होस्टिंग म्हणतात.

एकाच सर्व्हरवर अनेकांचे बिऱ्हाड असेल तर भाडे अल्प पडते. मात्र शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपलेही दार अडते. सामान्य संस्थेस हे चाळीतील बिऱ्हाड पुरेसे असते. रोज २०० वाचकांनी दोन मेगाबाइटची तीन-तीन पाने उघडली, तरी महिन्याकाठी वाहतूक सुमारे ३६ गिगाबाइट होते. जुन्या अंकांची छायाचित्रित पाने ठेवावयाची असतील, तर मात्र हिशेब निराळा मांडावा.

जाहिरातीतील टक्केवारीकडे डोळसपणे पाहावे. ९९ टक्के वेळ सेवा चालू राहील, हे आश्वासन भारदस्त वाटते. पण त्याचा अर्थ वर्षात साडेतीन दिवसांहून अधिक काळ ती बंद राहू शकते. ९९.९ टक्क्यांत हाच काळ पावणेनऊ तासांवर येतो. तसेच पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नये. नूतनीकरणाचा दर आधीच लेखी मागावा.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या चार केंद्रांपैकी एक आगीत पूर्णपणे भस्मसात झाले. ज्यांनी बॅकअप, म्हणजे दुसरी प्रत, अन्यत्र ठेवली होती, ते पुन्हा उभे राहिले. काहींच्या प्रती त्याच आवारात होत्या. त्यांचे संचित कायमचे गेले. म्हणून बॅकअप मिळतो काय, एवढेच विचारून थांबू नये. तो कोठे ठेवला जातो व परत मिळण्यास किती अवधी लागतो, हेही विचारावे. शिवाय एक प्रत संस्थेच्या कपाटात असावीच.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, ही होस्टिंगहून वेगळी वस्तू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका ग्रंथालयाने दुर्मिळ पुस्तकांची सूची मोठ्या कष्टाने संकेतस्थळावर चढविली. काम करणाऱ्या तरुणाने नाव व जागा दोन्ही स्वतःच्याच खात्यावर घेतली होती. पुढे तो परगावी गेला, नूतनीकरणाची पत्रे त्याच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहिली आणि एके दिवशी संकेतस्थळ नाहीसे झाले. त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. सूची तेवढी वाचली. कारण वृद्ध ग्रंथपालांनी ती आधी वहीत लिहून काढली होती. नवे संकेतस्थळ उभारताना दोन्ही खाती संस्थेच्या नावे उघडण्यात आली आणि मुदत संपण्याची तारीख आता वर्गणीच्या नोंदवहीत पहिल्याच पानावर तांबड्या शाईने लिहिलेली आहे.