तीच ती मांजर, रोज नवा फोटो

प्रश्न : आमच्याकडे शाई नावाची काळीकुळकुळीत मांजर आहे. रोज सकाळी तिचा एखादा फोटो आणि रात्रीच्या पराक्रमांच्या चार ओळी मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. पण खिडकीत बसली की फोटोत नुसता कोळशाचा ढीग येतो, आणि रात्री फ्लॅश मारला की दोन हिरवे दिवे! असं का होतं? शिवाय मुलगी म्हणते, हे मांजरवेड मोबाइलमुळे आलंय. खरं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी दिव्यांचं बघू. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड दृष्टिपटलातून पार गेला की हा थर त्याला परत पाठवतो, म्हणजे त्याच उजेडाचा डोळ्याला दुसऱ्यांदा उपयोग होतो. आपल्याला वाटी-चमचा सापडत नाही अशा अंधारात शाई झुरळाच्या मागे धावते, त्यात या थराचा मोठा वाटा आहे. दिवसा तिची बाहुली उभ्या फटीएवढी असते, अंधारात ती गोल आणि मोठी होते. अशा सताड उघड्या दारातून फ्लॅशचा झोत आत जातो आणि आल्या वाटेने परततो. मोबाइलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे तो परतलेला उजेड नेमका फोटोत पडतो. आपल्या डोळ्यात हा थर नाही, म्हणून लग्नाच्या जुन्या फोटोंत काका-मामांचे डोळे हिरवे न दिसता लाल दिसतात. तो लाल रंग डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांचा. उपाय सोपा आहे : फ्लॅश बंद. तिलाही तो आवडत नसणार.

आता कोळशाचा ढीग. आपण मांजर बघतोय हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. (हल्लीच्या फोनना थोडंफार कळतं म्हणतात, पण काळ्या मांजरीपुढे त्यांचीही फजिती होते.) तो चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. मागे लखलखीत खिडकी असली की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच गडद करतो. उलट शाई गडद गोधडीवर पसरली असेल तर त्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो आणि तुमची काळीकुळकुळीत मांजर राखाडी होते. तेव्हा खिडकीकडे पाठ तुमची हवी, तिची नव्हे. स्क्रीनवर तिच्या तोंडावर बोट टेकवा, आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसलं तर ते वरखाली सरकवून बघा. सकाळचं तिरपं ऊन अंगावर असताना तर जरूर काढा. काळ्या मांजरांच्या अंगावर पुष्कळदा पुसट पट्टे लपलेले असतात, ते तेवढ्या वेळेपुरते दिसतात.

आणि एक. फोन वर केला की ती तोंड फिरवते ना? टक लावून बघणं हे मांजरांच्या जगात भांडणाचं निमंत्रण असतं. फोन बाजूला धरून तिच्याकडे बघत डोळे सावकाश बारीक करा, मिटा, उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं, की माणसाने असं केलं तर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि जवळ यायला जास्त राजी असतात. शेजारपाजारचे काय म्हणतील, ते तुम्ही बघा. मात्र शाईला पिल्लं झाली तर पहिले काही दिवस कॅमेरा लांबच ठेवा. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात; सातचा आकडा सोडा, पण सारखं कुणी डोकावलं की ती जागा बदलते हे खरं.

राहिला लेकीचा आरोप. इंग्लंडमध्ये ब्रायटन गावी हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार होता. १८७०च्या दशकात त्याने मांजरांचे फोटो काढून विकायला सुरुवात केली, पुढे त्यांची संख्या २००च्या आसपास गेली. त्या काळी काच ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे, आणि तेवढ्यात शेपूट हललं की काच फुकट. सुरुवातीला त्याची मांजरं दूध पीत, टोपलीत झोपत. नंतर त्याने त्यांना तीनचाकीवर बसवलं, हातात कपबशी दिली आणि खाली गमतीदार मथळे लिहिले. लोक ती कार्डं शुभेच्छा म्हणून एकमेकांना देत. म्हणजे तुमच्या ‘सुप्रभात’चे खापरपणजोबाच! मला स्वतःला दूध पिणारी मांजरंच बरी वाटतात.

१८९४ साली फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी उलटी सोडलेली मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर कशी उतरते, याचे झरझर एकामागून एक फोटो काढले आणि विद्वानांना वाद घालायला विषय दिला. आणि युट्यूब सुरू झालं त्याच वर्षी, २००५च्या मे महिन्यात, संस्थापकांपैकी स्टीव्ह चेन यांनी त्यावर काय टाकलं असेल? आपल्या पजामाज नावाच्या मांजरीचा व्हिडिओ.

तेव्हा वेड जुनंच आहे. मोबाइलने फक्त फुकट जाणाऱ्या फोटोची हळहळ संपवली. रोलमध्ये छत्तीस फोटो बसायचे, धुण्याचे पैसे वेगळे. त्यातला एक मांजरावर कोण घालवणार? मुलीला एकदा घरातला जुना अल्बम काढायला सांगा. कुणाच्या तरी बारशाच्या नाहीतर मुंजीच्या फोटोत, पाटाच्या मागे, पंगतीच्या टोकाला, अर्धं शेपूट नाहीतर एक कान आलेला असेल. ते मांजर कुणाचं, नाव काय, तुम्हाला नक्की आठवेल. आठवलं की तेही टाका ग्रुपवर.